हातघाईचा आवाज

काय करता असं कोणी विचारलं की मी सांगते, आवाज करते. मग हमखास कोणीतरी गाणं म्हणायला सांगतं. मला गाणं येत नाही. मी व्हिडिओ गेममधले आवाज तयार करते. दार सरकल्याचा, बंदूक भरल्याचा, लोखंडी जिन्यावर बूट वाजल्याचा. नागपूरच्या बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस आहे. हॉलमध्ये चित्रवाले बसतात, बेडरूममध्ये प्रोग्रॅमवाले, आणि कपडे वाळत घालायच्या बंदिस्त गॅलरीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, मी. उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षाच, पण गाद्यांमुळे बाहेरचे हॉर्न आत येत नाहीत, म्हणून मी ती जागा कोणाला देत नाही.

गेली दोन वर्षं आम्ही एकच गेम बनवतो आहोत. अंतराळात एक मोठं जहाज, त्यात शिरलेले दुसऱ्या ताऱ्यावरचे शत्रू, आणि त्यांना हुसकून लावणारा खेळाडू. बंदुकीतून गोळ्या नाही, प्रकाश सुटतो आणि समोरची भिंत वितळते. शिवाय एक बटण असं, की ते दाबलं की खेळाडू बंदूक बाजूला करून समोरच्याला हातानेच ठोसा मारतो. त्याला इंग्रजी नाव आहे. मी पहिल्या दिवसापासून त्याला हातघाई म्हणते, आणि आता ऑफिसात सगळेच म्हणतात.

मला या हातघाईचं फार कुतूहल होतं. ज्याच्या हातात भिंत वितळवणारी बंदूक आहे, तो माणूस पुढे धावत जाऊन ठोसा काहून मारतो? मी दुपारचा चहा घेऊन ऑफिसात गेम खेळून बघणाऱ्यांच्या मागे उभी राहायचे आणि बघायचे. काहींची बंदूक रिकामी झालेली असायची, ते समजू शकते. पण भरलेली बंदूक हातात असताना जवळ जाणारेही पुष्कळ. गोळीबार करताना ते खुर्चीला टेकून असायचे, गप्पा मारायचे, भेळ खायचे. हातघाईची वेळ आली की पुढे सरकायचे, जीभ दातात धरायचे आणि बोलणं बंद. आमच्याकडे एक अतिशय सज्जन चित्रवाला आहे, झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो. तोच सगळ्यात जास्त ठोसे मारतो. त्याला मी विचारलं तर लाजला.

"दुरून मारलं तर तो पडते, बस," तो म्हणाला. "जवळून मारलं तर मी मारलं असं वाटते, ताई."

हे वाटणं म्हणजे निम्मं तरी माझं काम, आणि नेमकं तेच मला जमत नव्हतं.

बंदुका सोप्या. कोराडीच्या रस्त्याला विजेच्या खांबांना जमिनीकडे ओढून धरणाऱ्या जाड तारा आहेत. त्यांतल्या एकीवर लाकडी रूळ मारला की असा काही लांबत जाणारा आवाज येतो, की दोन दिवसांत माझ्या चार बंदुका तयार झाल्या. बरोबर की चूक हे सांगणार कोण? प्रकाशाची बंदूक ऐकली आहे कोणी? पण मार सगळ्यांनी ऐकलेला असतो. खाल्लेलाही असतो. तिथे कानाला फसवता येत नाही. मी गव्हाच्या पोत्यावर ठोसे मारले, ओला टॉवेल भिंतीवर आपटला, टरबूज फोडलं. आमचे मालक लकडगंजच्या लाकडाच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यात, जाऊन मी ओल्या सालीच्या ओंडक्यावर बुक्के मारून आले. बोटं सुजली. गेममध्ये तो आवाज घातला तर कपाटावरून सुटकेस पडल्यासारखा वाटला.

मालक वयाने माझ्यापेक्षा लहान, स्वभावाने बरा, पण खोटं बोलत नाही. "ताई, मजा नाही येऊन राहिली," तो म्हणाला. "या महिन्यात जमलं तर ठीक. नाही तर हातघाईच काढून टाकू." पाच महिन्यांचं काम माझं. मला रडू आलं असतं, पण गॅलरीत गाद्या असल्या तरी दार काचेचं आहे.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई उत्तर नागपुरात आमच्या जुन्या वस्तीतच राहते. दोन खोल्या आणि पुढे अंगण. बाबा वारले तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून ती ऑर्डरीच्या लंब्या रोट्या करते. लग्न, बारसं, रविवारच्या मटणाचं जेवण, वस्तीत कुठेही काही असलं की माणूस आधी तिला सांगून जातो, मग तारीख पक्की करतो. ज्यांनी ही रोटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की ती हातातून ओघळायला लागते. मग ती परातीतून वर उचलायची आणि आपटायची. पुन्हा उचलायची, पुन्हा आपटायची. अर्धा अर्धा तास. हळूहळू तिला असा ताण येतो, की एक गोळा घेऊन दोन्ही हातांवर खेळवत नेला की कोपरापर्यंत लांब, रुमालासारखी पातळ रोटी होते. ती चुलीवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर टाकायची. कणीक तयार झाली की नाही हे आई बघून नाही, ऐकून ठरवते. दुसरी कोणी आपटत असेल तर ही पाठमोरी बसून सांगणार, "अजून नाही झालं. पाणी बोलून राहिलं." माझे कान तिच्याकडून आले आहेत असं मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

मी तिला कितीदा म्हटलं, बेसाला ये माझ्याकडे राहायला. ती एका वाक्यात विषय संपवते. "तिथं मले कोण ओळखते?" रोटी हीच तिची ओळख, आणि ती सोडून फ्लॅटच्या सोफ्यावर बसायची तिला धास्ती आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एका रविवारी नवा माइक घेऊन मी तिच्याकडे गेले. नवा माइक आला की आधी आईची थाप रेकॉर्ड करायची, ही माझी फार दिवसांची सवय. तिच्या थापेत जाड आणि बारीक दोन्ही असतं, त्यामुळे माइकची परीक्षा होते. तिलाही सवय झाली होती. मी परातीशेजारी माइक ठेवला, कानाला हेडफोन लावले, तिने कणीक उचलली आणि आपटली, आणि मी जागच्या जागी ताठ बसले.

थाप नेहमीचीच होती, भरदार, ओली. पण तिच्या आधी एक छोटासा श्वास होता. आत ओढलेला, क्षणभर अडवलेला, आणि थापेबरोबर सुटणारा. मला एकदम उलगडा झाला. माझ्या सगळ्या ठोशांत वस्तूवर वस्तू आदळत होती, मारणारा कुठेच नव्हता. इथे होता.

सोमवारी तो आवाज गेममध्ये घातला. मालक खेळायला बसला, शत्रूच्या जवळ गेला, बटण दाबलं आणि स्वतःच मान मागे घेतली. दोनदा, तीनदा मारलं. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळला. "हा दम कोणाचा आहे, ताई? अंगावर काटा आला." सज्जन चित्रवाल्याने तर जेवणाच्या सुट्टीत चोवीस शत्रू लोळवले. हातघाई वाचली. मी इतकी खूश झाले की ऑफिसात सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आईकडे. तिला दाखवायचंच होतं. आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि चौकशी सुरू केली.

"हा कोण?"

"दुश्मन आहे."

"काय केलं त्यानं?"

"आपल्या जहाजात घुसला."

"मग टीसी नाही का तुमच्या जहाजात?"

मी तिच्या हाती बटणं दिली. पहिली पाच मिनिटं ती भिंतीलाच धडकत होती. मग एका खुर्चीला ठोसे मारले, एका दाराला मारले. शेवटी शत्रूसमोर जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बंदूक आहे नं हातात? मग जवळ काहून जायचं?"

"तेच तर मलेही समजत नाही, आई."

"जवळ गेल्याबिगर लागलं का नाही लागलं, कसं समजंल," ती म्हणाली, स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर देत, आणि तिने ठोसा मारला. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो किरटा वाजला. ती हसली. मी म्हटलं असं नाही, हे लाव, आणि तिच्या कानांवर हेडफोन बसवले.

तिने पुन्हा मारलं. मग पुन्हा. शत्रू पडला होता, तरी ती जहाजाच्या भिंतीवर मारत राहिली, मान एका बाजूला कलती करून, कणीक ऐकताना करते तशी. मग हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"हा आवाज काढून टाक."

"काहून?"

"सांगितलं नं. काढ."

आणि ती चूल पेटवायला निघून गेली. मी घरी येताना सगळ्या रस्त्याने विचार करत होते, आणि मला कारण सापडलं असं वाटलं. आई दर रविवारी सकाळी विहारात जाते. पंचशील तिच्यासाठी नुसतं म्हणायचं नाही. पहिलंच शील, प्राण्याची हत्या न करण्याचं. पोटभर खाऊ घालण्यासाठी केलेली थाप मी कोणाला तरी मारायला वापरली, हे तिला कसं रुचावं? मला स्वतःची थोडी लाज वाटली. पण पाच महिन्यांचं कामही डोळ्यांसमोर होतं, म्हणून लाजेवर उपाय शोधायला लागले.

मालकाला विचारलं, शत्रू जिवंत नसून मशीन असले तर चालेल का? त्याने उलट विचारलं, "आई खेळून राहिल्या का आपला गेम?" मग हसून म्हणाला, बघा करून. चित्रवाल्याने माझ्या आईसाठी म्हणून तीन शत्रू मशीनचे केले. ठोसा बसला की मानेतून ठिणग्या उडतात, आत वायरी दिसतात, रक्ताचा पत्ता नाही. फार सुंदर काम केलं त्याने. मी ते घेऊन रविवारी पुन्हा वस्तीत हजर.

आईने ठिणग्या पाहिल्या. "सुंदर आहे," ती म्हणाली. "पण आवाज तोच आहे."

"आई, हे मशीन आहे. कोणाचा जीव नाही जाऊन राहिला."

"मले काय करायचं आहे त्या मशीनचं? जित्ता असो का मेलेला. मी आवाजाचं म्हणलं."

मग माझा पारा चढला. मी म्हटलं, तुले माहीत आहे का मी किती राबली याच्यासाठी? सगळ्याइले आवडला तो आवाज. आणि थाप नाही आवडली त्याइले, तो श्वास आवडला, थापेच्या आधीचा. तोच तर जिवंत आहे. त्याच्यासाठीच तर हातघाई वाचली.

आई परातीजवळ बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तो श्वास नाही वं," ती म्हणाली. "खांदा हाये."

मला कळलंच नाही. तिने उजवा हात उचलून दाखवला. खांद्याच्या बराच खाली तो थांबला, आणि मग चेहरा बदलला. "इथून वर नाही जात. मंग दम धरतो अन् झटका देऊन उचलतो. दम नाही धरला तर डोयापुढं अंधारी येते."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू परात उचलून नेली असती. अन् मले बी."

खरंच होतं. नेलीच असती.

"अन् तू तो सगळ्याइले ऐकवून राहिली," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "कोणी रोटीवाली ऐकंल तर तिले लगेच समजंल. म्हणतीन, बाईचा हात गेला."

मी लॅपटॉप बंद केला. दिवसभर हेडफोन लावून बसणारी मी, दुसऱ्या खोलीतल्या पंख्याची कुरकुर ऐकून सांगणारी. तिला एकदा ऐकून जे कळलं ते मला शंभरदा ऐकूनही कळलं नव्हतं, आणि वर मी ते लोकांना कौतुकाने ऐकवत होते. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टरकडे न्यायला मला चार दिवस भांडावं लागलं. डॉक्टर शांत होते. त्यांनी हात पुढे, मागे, बाजूला नेऊन पाहिला आणि विचारलं, कधीपासून दुखतं?

"पंधरा-वीस दिवस," आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पंधरा दिवसांत खांदा इतका आखडत नाही. नीट आठवून सांगा. हात कितपत सुटेल ते त्यावर ठरेल."

आई आठवून सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. रिक्षात तिने बाहेर बघण्याचं नाटक केलं. पण माझ्याकडे तिच्या थापा होत्या. जितके माइक आले तितक्या फाइली, आणि अधूनमधून नुसतंच मन झालं म्हणून केलेल्या. प्रत्येकीवर महिना लिहिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात लवकर जाऊन मी मागे मागे ऐकत गेले. मागच्या महिन्यात श्वास होता. त्याच्या आधीच्या महिन्यात होता. दिवाळीच्या फाइलमध्ये मागे कोणाच्या तरी घरचे फटाके आहेत, आणि त्यातही तो आहे, जरा लहान. पावसाळ्याच्या फाइलमध्ये टिनावरचा पाऊस मोठा आहे. मी पाऊस गाळून काढला, तर खाली तोही होता. सुरुवातीला मला त्यात नेहमीसारखं कुतूहलच वाटत होतं, कोड्याचं वाटतं तसं. मग दर फाइल उघडताना यात तरी तो नसावा असं वाटायला लागलं. उन्हाळ्याच्या दोन फाइली होत्या. एप्रिलमध्ये श्वास नव्हता. मेमध्ये होता.

डॉक्टरांना मी मे महिना सांगितला. त्यांनी मान हलवली, औषधं दिली, व्यायाम दिले, आणि कणीक आपटणं बंद म्हणाले. पुढचं पुढे बघू, पूर्ण सुटेल असं मी सांगत नाही, असंही म्हणाले. आई आता माझ्याकडे बेसाला आहे. सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेण्याचा व्यायाम करते आणि प्रत्येक वेळी मला दोन शब्द सुनावते. हात खांद्यापर्यंत येतो. त्याच्या वर अजून नाही. ऑर्डर सांगायला माणसं आली तर शेजारीण त्यांना सांगते की बाई पोरीकडे गेली. कायमची का, असं लोक विचारतात.

गेममधून आईचा आवाज मी काढला. मालकाला खरं कारण सांगितलं. त्याने बाहेरून एक तयार ठोसा विकत घेऊ दिला. हातघाई राहिली. खेळणाऱ्यांना फरक कळला नाही. सज्जन चित्रवाल्याला मात्र कळला. पहिलावाला वेगळा होता, असं तो अजून म्हणतो.

मेची ती फाइल मी कोणाला ऐकवली नाही. डॉक्टरांना नाही, आईला तर नाहीच. तिच्यात मागे कूलर घरघरतो आहे. पहिल्या दहा थापा स्वच्छ आहेत, मोकळ्या हाताच्या, आई अशी थाप मारायची हे मी विसरूनच गेले होते. अकरावी थाप अर्धवट पडते. परातीचा काठ वाजतो. मग काही वेळ नुसता कूलर. त्यानंतर माझा आवाज येतो, माइकच्या अगदी जवळून, खुशीतला. "मस्त येऊन राहिला, आई. आणखी एकदा. जरा जोरात मार नं."

मग तो श्वास, पहिल्यांदा. आणि थाप, मी सांगितली तेवढी जोरात.